पाच माणसांचं घर

१

लढाई हरल्यानंतरचे पहिले सहा महिने शहरात तीनच धंदे जोरात चालले: शिंपी, रंगारी आणि आम्ही. शिंप्यांनी जुन्या फौजेचे कोट उसवून पोरांच्या चड्ड्या शिवल्या. रंगाऱ्यांनी दुकानांच्या पाट्यांवर नव्या सरकारची लिपी चढवली. आणि आम्ही फोटोंतली माणसं काढली.

मी फोटोच्या दुकानात रीटचिंग करतो. काचेच्या निगेटिव्हवर बारीक चाकू आणि शिसपेन्सिल चालवायची, नवरीच्या गालावरचा डाग घालवायचा, शेठजींची दुहेरी हनुवटी एकेरी करायची, असं ते काम. सतरा वर्षं हेच केलं. मग नवं सरकार आलं आणि त्याच्यामागून घरपत्र आलं. घरपत्र म्हणजे जाड कागदावर घरातल्यांचा फोटो, खाली माणसांचा आकडा आणि शिक्का. ते नसेल तर धान्य नाही, औषध नाही, नोकरी नाही, पोरांना शाळा नाही. आणि ज्या घरातलं कोणी जुन्या फौजेत होतं, त्या घराला घरपत्र नाही. तपासनीस घरी येऊन माणसं मोजायचा आणि मोजता मोजता भिंतीवरचे फोटोही बघायचा.

त्यामुळे लोक भिंतीवरचे फोटो छातीशी धरून आमच्या दारात रांग लावू लागले. "हा तेवढा काढून द्या." हा म्हणजे मुलगा, नवरा, जावई. कडेला उभा असेल तर एका दुपारचं काम. मधे असेल तर तीन दिवस, कारण त्याच्या जागी मागचा पडदा रंगवावा लागतो. त्याने कोणाच्या खांद्यावर हात ठेवला असेल तर विचारूच नका. एक बाई मला म्हणाल्या, "कडेला उभा राहा म्हणून तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही का?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आमच्या मालकांनी पूर्वी दुकानात जुन्या सेनापतीचा भलामोठा फोटो लावला होता. आता तिथे नवा गव्हर्नर होता. खिळा तोच. "उगवत्या सूर्याला नमस्कार करावा," मालक म्हणायचे, "सूर्य निवडायला आपल्याला कोण विचारतंय?"

२

लोकांची माणसं काढता काढता माझ्यावर पाळी आली.

आमच्या घरात एकच फोटो होता, दादा फौजेत गेला त्या सकाळी दुकानात काढलेला. आई खुर्चीत. तिच्यामागे दादा, नव्या गणवेशात, एक हात आईच्या खांद्यावर. बाजूला मी, माझी बायको आणि तिच्या कडेवर आमची मुलगी. वहिनी, म्हणजे दादाची बायको, तेव्हा माहेरी होत्या म्हणून त्यात नाहीत. दादा परत आला नाही. मेल्याचं कोणी कळवलं नाही, जिवंत असल्याचंही नाही.

"जे आहेत त्यांचं बघ," आई म्हणाली, आणि त्या विषयावर नंतर एक अक्षर बोलली नाही.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. एकुलत्या एका काचेला हात लावायचा नाही. तिच्यावरून छाप काढायचा, छापावर काम करायचं आणि त्याची दुसरी काच करायची. मूळ काच जिवंत राहिली पाहिजे. मी तो नियम मोडला. दादाची काच उद्या कोणाच्या हाती लागली तर काय, या भीतीने चाकू सरळ काचेवरच चालवला. आधी चेहरा घेतला. डावा डोळा निघेना म्हणून तिथे जोर दिला, तेव्हा काचेलाच चरा गेला. आईच्या खांद्यावरची चार बोटं काही केल्या जाईनात. शेवटी त्यांची शालीची चुणी करून टाकली. छाप निघाल्यावर मूळ काच फोडली आणि तुकडे जुन्या विहिरीत टाकले.

"कळत नाही हो अजिबात," बायको फोटो उजेडात धरून म्हणाली. मला त्या वेळी बरं वाटलं होतं. याची मला अजून लाज वाटते.

वहिनींनी एवढंच विचारलं, "भावजी, काच जपून ठेवलीत ना?"

"ठेवलीय," मी म्हणालो.

पण फोटोतून नवरा काढला तरी बायको घरात होतीच. अर्जात त्यांना कोण म्हणून दाखवायचं? फौजेतल्या माणसाची बायको म्हटलं तर सगळं घर बुडालं. माझी बायको एक दिवस रडली आणि दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "कामाची बाई म्हणून लिहा. कागदावरच तर लिहायचंय."

"लिहा," वहिनी म्हणाल्या.

मुलीला शिकवलं, काकू म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं. सहा वर्षांची पोर. दोन दिवस चुकली, मग चुकली नाही. कोणी अचानक आलं तर पंचाईत नको म्हणून वहिनी बाकावर बसायच्या त्या जमिनीवर बसायला लागल्या. आमच्याबरोबर जेवायच्या त्या मागून जेवायला लागल्या. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी बायकोने आतून आवाज दिला, "मावशी, भांडी राहिलीत." घरात त्या वेळी परकं कोणी नव्हतं. वहिनी उठल्या. मी पेपर वाचत होतो, तो वाचतच राहिलो.

३

पहिली खटकणारी गोष्ट दुकानात दिसली.

बेकरीवाला घरपत्राच्या फोटोसाठी बायको आणि दोन मुली घेऊन आला होता. त्याचा मुलगा मीच दोन महिन्यांपूर्वी काढला होता. मी कॅमेऱ्यामागच्या काळ्या फडक्यात डोकं घातलं. बाप आणि थोरली मुलगी यांच्यामधे पडद्यावर रंगवलेला खांब दिसत होता, अख्खा.

"जवळ या जरा. घरचेच आहात ना?" मालक म्हणाले. चौघं हसली, जवळ सरकली, खांब झाकला गेला. मी फोटो घेतला. काच धुऊन उजेडात धरली तर दोघांच्या मधे खांब. अख्खा. एका माणसाच्या रुंदीएवढी जागा मोकळी.

"हलले असतील," मालक म्हणाले.

हललेला माणूस पुसट येतो, हे मालकांना माझ्याइतकंच माहीत आहे. ही चौघं लख्ख आली होती. थोरल्या मुलीने कोपर आत ओढून घेतलं होतं, दाटीत शेजारच्याला लागू नये म्हणून आपण घेतो तसं.

मग सुताराच्या घरच्यांचं तसंच झालं. मग एका सुईणीचं. ज्यांच्यातलं कोणी गेलं नव्हतं त्यांचे फोटो ठीक यायचे. जिथे माझा चाकू चालला होता तिथेच ती जागा. मी स्वतःची समजूत घातली. वीस वर्षं एखाद्याशेजारी बसलेल्या अंगाला सवय असते. डोकं विसरतं, अंग विसरत नाही. समजूत चांगली होती. ती घेऊनच मी त्या संध्याकाळी घरी गेलो.

आमच्याकडे खिडकीपाशी लांब लाकडी बाक आहे. आई एका टोकाला बसली होती. मुलगी पाटीवर चित्र काढत होती, पण आजीपासून हातभर लांब, बाकाच्या अगदी काठावर.

"पडशील. सरक की आजीकडे."

"जागा कुठंय?" ती मान वर न करता म्हणाली.

आईने खांदा हलवला, खांद्यावरचं ओझं नीट करावं तसा. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

४

आमच्या भागाचा तपासनीस जिंकलेल्यांपैकी होता. उंच, अकाली केस पिकलेला, स्वतःच्या मोजणीचा फार अभिमान असलेला. आमची भाषा तो पुस्तकातून शिकला होता. 'बळी तो कान पिळी' ही म्हणसुद्धा त्याला येत होती आणि ती तो आम्हालाच हसून ऐकवायचा. आम्हीही हसायचो.

एका दुपारी मालक जेवायला गेलेले बघून तो एकटाच दुकानात आला. कागदात गुंडाळलेला फोटो त्याने माझ्या मेजावर ठेवला. त्याच्याच पलटणीचा फोटो होता, तीसेक माणसं. दुसऱ्या रांगेतल्या एका पोरसवदा चेहऱ्यावर त्याने नख ठेवलं.

"हा काढ."

"हा तर तुमच्याकडचाच आहे, साहेब."

"मित्र होता. एका गावात गोळी घालायचा हुकूम झाला, त्याने मानला नाही. मग त्याच्यासाठी वेगळा हुकूम झाला. तो आम्ही मानला." तो शांतपणे सांगत होता. "आता माझी बढती आहे. हा फोटो कचेरीत लागायचाय."

मला आतून एक घाणेरडं समाधान वाटलं. म्हणजे जिंकूनही सुटका नाही तर. घरोघरी मातीच्या चुली.

"दोन दिवस लागतील," मी म्हणालो.

तो दारापर्यंत गेला, थांबला आणि फोटो परत मागून घेईल असं मला वाटलं. पण त्याने विचारलं, "तू काढतोस त्या माणसांचं पुढे काय होतं?"

"काय होणार, साहेब? कागद असतो."

"हो. कागद." त्याने दार उघडलं, बाजूला होऊन कोणालातरी आधी जाऊ दिलं आणि मग स्वतः गेला. दुकानात आम्ही दोघंच होतो.

५

पुढच्या आठवड्यात ताप आला म्हणून मी दुपारीच घरी परतलो. आई झोपली होती. बायको मुलीला आणायला शाळेत गेली होती. घरपत्र येईपर्यंत शाळेने तिला बोलीवर घेतलं होतं, महिनाअखेर कागद दाखवा नाहीतर नाव काढू, अशी. मी चपला काढत होतो तेव्हा स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला.

"सावकाश घ्या. गरम आहे."

आवाज हलका होता. इतक्या दिवसांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मी आत गेलो. त्या एकट्याच होत्या. चूल विझलेली, ओट्यावर दोन कप, दोन्ही रिकामे, एकाच्या कडेवर अजून वाफ.

"कोणाशी बोलत होता, वहिनी?"

"मावशी म्हणा. भिंतीला कान असतात, तुम्हीच सांगितलंत ना?"

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी कप विसळले. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाल्या, "भावजी, ती काच आता नको मला."

"का?"

"लागत नाही."

मी भिंतीला टेकलो. तापाने अंग फणफणत होतं, असं मी स्वतःला सांगत होतो. त्यांनी कप पालथे घातले.

"एक विचारू का? तुम्ही चाकू चालवलात तेव्हा डाव्या डोळ्यावर जास्त जोर पडला होता का?"

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. काच विहिरीच्या तळाशी होती.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पाणी येतं सारखं त्यातून," वहिनी म्हणाल्या. "बाकी तक्रार काही नाही. तुमच्यासाठी चहा ठेवू?"

मी नको म्हणालो आणि जाऊन पडलो. दुःखाने माणसाचं डोकं फिरतं, दुसरं काही नाही, असं मी घोकत होतो. पण मला खरी भीती वेगळीच वाटत होती. दादा मेला असता तर मला रडता आलं असतं. तो घरात असेल, आणि आमच्यापैकी कोणाला दिसत नसेल, तर त्याला मारलं कोणी?

६

तपासणी गुरुवारी सकाळी दहाला होती. आम्ही सकाळपासून धुतलेले कपडे घालून तयार होतो. अर्जात पाच माणसं लिहिली होती: आई, मी, बायको, मुलगी आणि घरात राहणारी एक कामाची बाई. आम्ही चौघं बाकावर बसलो. वहिनी बाकामागे उभ्या राहिल्या.

तपासनीस आला, टोपी काढून बाकाच्या टोकावर ठेवली. भिंतीवरचा फोटो त्याने जवळून बघितला, शालीच्या चुणीपाशी जरा रेंगाळला. मग पेन्सिल काढून आमच्याकडे वळला.

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा."

त्याने अर्जाकडे बघितलं. उलट्या टोकाकडून पुन्हा मोजलं. सहा. तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले. पेन्सिल आई आणि मुलगी यांच्यामधे क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

"अर्जात पाच आहेत."

"पाचच आहोत, साहेब."

"मी सहा मोजले." त्याच्या कपाळावर घाम होता. "तीन हजार घरं मोजलीत मी. मला मोजता येत नाही असं म्हणायचंय तुला?"

या प्रश्नाला हरलेल्या माणसाकडे एकच उत्तर असतं. "नाही, साहेब."

"मग एक कमी कर. पाच झाल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही. या घरचं नाही असं कोण आहे?"

बायको स्वतःच्या पायांकडे बघत होती. तेवढ्यात मुलीने शाळेत देतात तसं खणखणीत उत्तर दिलं.

"मावशी."

तपासनीसाने वहिनींकडे पेन्सिल केली. "ही तुझी कोण?"

माझी वहिनी. दोन शब्द. ते माझ्या तोंडात आले होते, हे मी शपथेवर सांगतो. ते बोललो असतो तर मुलीची शाळा गेली असती, माझी नोकरी गेली असती, आईचं औषध गेलं असतं. आणि वहिनी राहिल्या असत्या. मी मागे वळून त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती. पाढा अडलेल्या मुलाकडे बघत थांबावं तशा त्या थांबल्या होत्या.

"कोणी नाही, साहेब," मी म्हणालो. "कामाची बाई आहे."

"मग तिला काढ."

"आत्ता?"

"आत्ता."

वहिनींना पाच मिनिटंही लागली नाहीत. एक गाठोडं, दोन चादरी. त्या आईच्या पाया पडल्या आणि माझ्याकडे न बघता दाराकडे गेल्या. दार उघडून त्या जरा थांबल्या, एका माणसाला लागतं त्यापेक्षा जास्त वेळ. मग गेल्या. दार हळूच लागलं.

"हं," तपासनीस म्हणाला. "आता पाच." आणि त्याने पेन्सिल उचलली. "एक, दोन, तीन, चार."

तो थांबला. मुलगी सरकत सरकत आजीला जाऊन टेकली होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. त्याने पुन्हा मोजलं. चार. उलट्या बाजूने मोजलं. चार. सहातून एक बाई गेली होती आणि चार उरली होती.

तो माझ्याकडे बघून त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. मला ती मोडकीतोडकी कळते. "सहा होते," तो म्हणत होता, "खरंच सहा होते." मग त्याने अर्जातला पाचाचा आकडा खोडला, चार लिहिला आणि शिक्का मारला. शिक्का तिरका उमटला. टोपी आमच्या बाकावर विसरून तो जिना उतरून गेला.

७

मी खिडकीशी गेलो. खाली बाजाराची वेळ होती, रस्ता माणसांनी भरलेला. वहिनी कडेकडेने चालल्या होत्या. समोरून डोक्यावर पोतं घेतलेला हमाल आला आणि त्यांच्यासाठी बाजूला झाला. गरजेपेक्षा जास्त बाजूला झाला, थेट गटारावरच्या फरशीवर गेला. सायकलवाल्यानेही तसाच वळसा घेतला. त्या दोघांपैकी कोणी वर बघितलंसुद्धा नाही.

वहिनींनी एकदा डावीकडे मान वळवली, थोडी वर करून, उंच माणसाशी बोलताना करतात तशी. मी डोळे फाडून बघत होतो. तिथे ऊन होतं, धूळ होती, बाकी काही नव्हतं. मग वळणावर त्यांनी सुटलेले केस बांधायला दोन्ही हात मानेमागे नेले. दोन्ही हात मोकळे होते. गाठोडं आणि चादरी त्यांच्याकडे नव्हत्या, आणि मागे रस्त्यावरही कुठे पडलेल्या नव्हत्या.

मला हाक मारावीशी वाटली. दादा म्हणून मारावी की वहिनी म्हणून, हे ठरेपर्यंत त्या वळल्या.

"सुटलो बाई एकदाचे," बायको मागून म्हणाली. घरपत्राची शाई वाळावी म्हणून ती त्यावर फुंकर घालत होती. "आजच शाळेत नेऊन दाखवते."

मी बाकावर आईशेजारी येऊन बसलो. आता तिथे हवी तेवढी जागा होती. आई माझ्याकडे बघत नव्हती. तिने खांद्यावर हात नेला, तो तसाच थोडा वेळ तिथे ठेवला आणि मग खाली घेतला.

"दोघं जेवून तरी गेली असती," ती म्हणाली.